भेटीचा हुकूम

आपल्या कोर्टांच्या मराठीत मुलाचा 'ताबा' असतो, जसा जमिनीचा असतो किंवा गाळ्याचा असतो. शब्दकोशकारांनी 'अभिरक्षा' हा जड शब्द सुचवून पाहिला, परंतु तो शासकीय अनुवादांपलीकडे फारसा गेला नाही. वकिलाच्या टेबलापाशी बसलेली बाई 'मला ताबा मिळेल का?' असेच विचारते, आणि तिच्या समोरचा पक्षही तेच विचारतो. ताबा एकाकडे गेला की दुसऱ्याच्या वाट्याला जे उरते त्याला आपण 'भेट' म्हणतो. महिन्यातून दोन शनिवार, सुटीतले आठ दिवस, वाढदिवसाचे दोन तास. ही भेट आज इतकी स्वाभाविक वाटते की तिला इतिहास असेल असे मनातही येत नाही. प्रत्यक्षात इंग्लंडमध्ये १८३९ पर्यंत, वेगळ्या राहणाऱ्या आईने आपल्या मुलांना भेटण्याची परवानगी कोर्टाकडे मागावी, यासाठी कायद्यात स्वतंत्र वाटच नव्हती. आपल्याकडे जे पालकत्वाचे कायदे आले, त्यांची एक शाखा त्याच मुळातून फुटलेली आहे, म्हणून ती हकीकत आपल्याही उपयोगाची.

इंग्लिश सामान्य कायद्यात औरस मुलांवर बापाचा जवळजवळ निरंकुश अधिकार होता. १८०४ च्या द मानव्हिल खटल्यात बापाने आठ महिन्यांचे मूल आईच्या अंगावर पीत असताना ओढून नेले. आईने न्यायालय गाठले. मूल बापाकडे आहे आणि कायद्याने ते त्याच्याकडेच असायचे, असे म्हणून न्यायालयाने हात वर केले. चॅन्सरी न्यायालयात लॉर्ड एल्डन यांनी एवढेच केले की, परदेशी असलेल्या त्या बापाला मूल देशाबाहेर नेण्यास मनाई केली. आईला मूल मिळाले नाहीच. १८३६ च्या ग्रीनहिल खटल्यात नवरा दुसऱ्या बाईसोबत राहत होता, तिन्ही मुली लहान होत्या आणि आईविरुद्ध बोलण्यासारखे काही नव्हते. तरी निकाल बापाच्या बाजूने लागला. आई मुलींना घेऊन परदेशी पळाली.

याच वर्षी कॅरोलाइन नॉर्टन हिच्यावर ही वेळ आली. नाटककार शेरिडनची ही नात, स्वतः लेखिका, लंडनच्या राजकीय वर्तुळात वावरणारी. तिचा नवरा जॉर्ज नॉर्टन वकील होता. वकिली चालत नव्हती आणि हात मात्र चालत असे. १८३६ च्या वसंतात त्याने तिन्ही मुलगे घराबाहेर हलवले आणि पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर आपल्या बायकोशी अनैतिक संबंध ठेवल्याचा दावा लावून दहा हजार पौंडांची भरपाई मागितली. जून महिन्यात खटला चालला. ज्युरीने जागेवरून न उठता तो फेटाळला. मेलबर्नचे पंतप्रधानपद शाबूत राहिले. कॅरोलाइनला मात्र त्या खटल्यात पक्षकार म्हणून जागाच नव्हती आणि साक्ष देण्याचीही मुभा नव्हती. वाद तिच्या चारित्र्याचा, आणि कायद्याच्या दृष्टीने ती तिथे हजरच नव्हती. निर्दोष ठरूनही मुले परत आली नाहीत, कारण मुलांचा आणि त्या निकालाचा संबंधच नव्हता.

येथे 'कायदेशीर मदत' या शब्दाचा अर्थ काय होता ते पाहण्यासारखे आहे. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दावा लावता येत नसे. पुस्तके लिहून मिळालेला पैसासुद्धा कायद्याने नवऱ्याचा. नामांकित वकील ओळखीचे होते, पण ते तिला एवढेच सांगू शकत होते की उपाय नाही. जेथे उपायच नाही तेथे वकील काय करणार? एकदा मुले जिथे ठेवली होती त्या घरात ती खालच्या दालनात बसून राहिली आणि वरून त्यांच्या धावण्याचे आवाज ऐकत होती, असे तिने मेलबर्नला कळवले आहे. मध्ये फक्त छत होते.

मग तिने कायदाच बदलायचे मनावर घेतले. १८३७ मध्ये तिने आईच्या नैसर्गिक हक्कावर एक पुस्तिका लिहिली. संसदेत थॉमस नून टॅलफर्ड या बॅरिस्टर सदस्याने विधेयक मांडले. १८३८ मध्ये ते कॉमन्समध्ये मंजूर झाले आणि लॉर्डांच्या सभागृहात अवघ्या दोन मतांनी पडले. तेथे विरोधकांत सुधारक म्हणून नावाजलेले लॉर्ड ब्रूमही होते. कॅरोलाइनने पुन्हा लेखणी उचलली. या वेळी पिअर्स स्टीव्हन्सन असे पुरुषी टोपणनाव घेऊन तिने लॉर्ड चॅन्सेलरांना उद्देशून खुले पत्र छापले. वृत्तपत्री टीकाकारांनी तिची यथेच्छ निंदा केली. गंमत अशी की ती समानतावादी नव्हती. पुरुष श्रेष्ठ आहे हे तिने जाहीरपणे मान्यच केले होते. तिची मागणी न्यायाची नव्हे, संरक्षणाची होती, आणि मला वाटते, त्या सभागृहात ती मागणी तशी होती म्हणूनच निभावली.

ऑगस्ट १८३९ मध्ये कायदा झाला. चॅन्सरी न्यायालयाला दोन अधिकार मिळाले: सात वर्षांखालील मूल आईकडे सोपवण्याचा, आणि मोठ्या अज्ञान मुलांना आईने भेटावे यासाठी वेळा व अटी ठरवून देण्याचा. भेटीचा हुकूम म्हणून आपण जे ओळखतो त्याचा हा आरंभ. अर्थात व्यभिचार सिद्ध झालेल्या आईला दार बंदच, आणि चॅन्सरीचा खर्च झेपणारी आई शंभरात एखादी. हुकूम होता, पण तो मिळवायला तिकीट मोठे होते.

आणि कॅरोलाइनचे काय झाले? हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. जॉर्ज नॉर्टनने मुले स्कॉटलंडात नेऊन ठेवली. तिने जिंकलेला हुकूम त्या सीमेपाशी संपत होता. १८४२ मध्ये धाकटा विल्यम घोड्यावरून पडला, जखम चिघळली, आणि आईला निरोप पोहोचून ती येईपर्यंत मुलगा गेला होता. त्यानंतर नवऱ्याने उरलेल्या दोघांना तिच्याकडे येऊ दिले. कायद्याने जे साधले नाही ते एका मृत्यूने साधले, असे चरित्रकार सुचवतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती सीमा. एल्डनला १८०४ मध्ये तिची धास्ती होती, आणि पुढेही ती या विषयाचा पिच्छा सोडत नाही.

१८७३ च्या कायद्याने वयाची मर्यादा सोळा केली आणि व्यभिचाराची अट काढली. त्याच वर्षी ॲनी बेझंट आपल्या पाद्री नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. आपल्याकडे त्यांना होमरूलमुळे ओळखतात. त्यांच्या आयुष्यातला हा भाग थोडा बाजूला पडतो. विभक्त होतानाच्या करारानुसार मुलगी मेबेल त्यांच्याकडे आणि मुलगा डिग्बी वडिलांकडे राहिला. १८७७ मध्ये संततिनियमनाची पुस्तिका छापल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, आणि १८७८ मध्ये नवऱ्याने चॅन्सरीत अर्ज केला की अशा निरीश्वरवादी बाईकडे मुलगी राहू नये. बेझंट स्वतः उभ्या राहिल्या. न्यायाधीश जेसेल यांना बाईने स्वतः युक्तिवाद करणे मुळीच रुचले नाही. आठव्या वर्षात असलेली मेबेल वडिलांकडे गेली. अपिलातही ताबा मिळाला नाही. भेटीची मुभा मात्र पदरात पडली. आणि बेझंटबाईंनी ती वापरली नाही. भेटींच्या ओढाताणीत मुलांची फरफट होते असे पाहून, ती स्वतः समजू लागतील तोवर भेटायचे नाही की लिहायचे नाही, असे त्यांनी ठरवले. मोठी झाल्यावर दोन्ही मुले त्यांच्याकडे आली. हा निर्णय योग्य होता की नाही, यावर वाचकांनी आपापले मत करावे. मला तो कठोर वाटतो, पण भेटीच्या हक्कालाही एक किंमत असते आणि ती बहुधा मूल मोजते, हे तिच्याइतके स्पष्ट कुणी मांडले नसेल.

पुढचे वळण कादंबरीकाराला सुचले असते तर समीक्षकांनी ओढूनताणून आणलेले म्हटले असते. १९१० मध्ये मद्रासजवळ अड्यार येथे नारायणय्या या गृहस्थांनी आपल्या दोन मुलांचे पालकत्व बेझंटबाईंकडे लेखी सोपवले. थोरला म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेले जे. कृष्णमूर्ती. बाप पुढे पस्तावला आणि १९१२ मध्ये त्याने मुले परत मागितली. आता बेझंटबाई मुले धरून ठेवणाऱ्या बाजूला होत्या. मद्रास उच्च न्यायालयातही त्यांनी स्वतःच युक्तिवाद केला. बापाच्या बाजूने सी. पी. रामस्वामी अय्यर होते. १९१३ मध्ये निकाल बापाच्या बाजूने गेला. १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. बापाने दिलेले पालकत्व तो परत घेऊ शकतो, हे कौन्सिलने मान्य केले. पण मुले इंग्लंडमध्ये शिकत होती. ती मद्रासच्या हद्दीत राहत नव्हती. तेव्हा त्यांचे हित काय ते इंग्लंडच्या न्यायालयाने ठरवावे. म्हणजे हक्क बापाचा, आणि मुले समुद्रापलीकडे. पुन्हा सीमा.

प्रिव्ही कौन्सिलने ज्यावर बोट ठेवले तो १८९० चा 'पालक आणि पाल्य अधिनियम' आजही चालू आहे. त्याच्या नवव्या कलमानुसार अर्ज त्याच जिल्हा न्यायालयात करायचा, जेथे अज्ञान मूल सामान्यतः राहते. सतराव्या कलमात पाल्याचे कल्याण ही कसोटी आहे. पण बाप हयात असून नालायक नसेल तर न्यायालयाने दुसरा पालक नेमू नये, हे एकोणिसावे कलमही होतेच. त्यात 'किंवा आई' हे शब्द यायला २०१० उजाडले. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे ठेवले. १८३९ च्या सात वर्षांचीच ही धाकटी बहीण. मात्र नैसर्गिक पालक म्हणून आधी पिता आणि 'त्याच्यानंतर' आई, अशी शब्दरचना होती. सातबाराच्या उताऱ्यावर 'अ.पा.क.' या तीन अक्षरांपुढे आईचे नाव बहुधा बाप वारल्यावरच का दिसते, याचे उत्तर या 'त्याच्यानंतर'मध्ये आहे. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ 'त्याच्या अनुपस्थितीत' असा लावून आईला बापाच्या हयातीतही वाट करून दिली. तो वाद रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांवरील सहीचा होता. त्याआधी, १९७३ मध्ये, रोझी जेकब खटल्यात न्यायालयाने मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत असे बजावले होते. 'ताबा' हा शब्द मात्र जागचा हलला नाही.

मदतीच्या बाजूने पाहता आपण चॅन्सरीच्या जमान्यापासून पुष्कळ दूर आलो. दुर्गाबाई देशमुखांनी १९५३ च्या चीन दौऱ्यानंतर कौटुंबिक न्यायालयांचा आग्रह धरला. कायदा १९८४ मध्ये झाला आणि महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे १९८९ मध्ये ही न्यायालये सुरू झाली. तेथे विवाह समुपदेशक असतो, आणि तेराव्या कलमानुसार वकील लावणे हा हक्क नाही, परवानगीची बाब आहे. वकिलांना हे कलम आवडत नाही. माझे मत असे की बेझंटबाईंसारखे बोलता येणाऱ्यांना ते ठीक आहे. ज्यांना बोलता येत नाही त्यांना ते एकटे पाडते. त्यांच्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा आहे, जो १९९५ मध्ये अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमाखाली स्त्री आणि बालक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पुरुषाला सर्वसाधारणपणे उत्पन्नाच्या मर्यादेत बसावे लागते. हे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते, आणि तरी अनेकांना ते माहीत नसते. अर्ज लिहून मिळतो, न्यायालय शुल्क भरावे लागत नाही, हुकूम होतो. हुकूम मोडला तर पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. तेवढ्यात मूल दोन इयत्ता पुढे गेलेले असते.

आणि स्कॉटलंड अजून आहेच, फक्त ते आता अटलांटिकच्या पल्याड सरकले आहे. मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. न्यू जर्सीतून मूल घेऊन पुण्याला आलेली आई आणि तिकडे राहिलेला बाप यांच्यात दोन देशांचे दोन हुकूम उभे राहतात. यशिता साहू खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेटीबरोबर 'संपर्का'चाही हक्क सांगितला: ज्याच्याकडे मूल नाही त्याला शक्यतो रोज पाच ते दहा मिनिटे फोनवर वा पडद्यावर बोलता यावे. असे अर्ज घेऊन येणाऱ्यांत आज बापही असतात. त्यांच्या अर्जाला उत्तर देताना समोरच्या वकिलाचा पहिला मुद्दा बहुधा एकच असतो, नववे कलम, मूल सामान्यतः राहते कुठे.