औषध न मानवलेली माणसे

मध्यंतरी आमच्या कचेरीतील, शेजारच्याच मेजावर बसणाऱ्या एका सहकाऱ्याच्या अंतर्गळाची शस्त्रक्रिया व्हावयाची होती. गृहस्थ मूळचे याच बंगळूरचे. चिकपेठेत वाडवडिलांचे दुकान, घरात तेलुगू, बाहेर कन्नड आणि आमच्या सहवासाने अंगवळणी पडलेली थोडीफार मराठी. बरोबर कोणी असावे म्हणून आदल्या दिवशी आम्हीही रुग्णालयात गेलो होतो. भूल देणारे डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, दमा आणि मधुमेह यांची चौकशी केली आणि मग अगदी सहज विचारावे तसे विचारले, "आपण आर्य वैश्य का?"

आम्हांस तो प्रश्न खटकला. सरकारी नोकरीत जातीचा रकाना भरण्याची आम्हांस सवय आहे; परंतु उद्या ज्याच्या पोटावर सुरी चालावयाची, त्याची जात विचारण्याचे प्रयोजन काय? सहकाऱ्याने मात्र शांतपणे होकार दिला. लगेच दुसरा प्रश्न आला: घरात कोणास शस्त्रक्रियेनंतर बराच वेळ स्वतःहून श्वास घेता आला नाही, असे कधी घडले होते काय? तेव्हा त्यांस आपली मावशी आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका लहान गावी तिच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. ती आटोपल्यावरही मावशी कित्येक तास निपचित पडून होत्या आणि डॉक्टर रबरी पिशवी दाबून त्यांचा श्वास चालवीत बसले होते. पुढे मावशी सांगत, "मला सारे ऐकू येत होते, बाहेरचे रडणेसुद्धा, पण बोट हलवता येत नव्हते." घरच्यांनी ते तिच्या नाजूक प्रकृतीवर आणि कोणाच्या तरी दृष्टीवर ढकलले आणि विषय संपविला. डॉक्टरांनी मात्र शस्त्रक्रिया पुढे ढकलली व रक्त तपासावयास पाठविले.

आपल्या मराठीत या सर्व प्रकाराला एक साधे क्रियापद आहे. अमुक औषध मला 'मानवत' नाही, असे आपण म्हणतो. आयुर्वेदाने यासाठी 'सात्म्य' हा शब्द फार पूर्वीपासून वापरला आहे. जे एकास सात्म्य ते दुसऱ्यास असेलच असे नाही, हे आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होते. परंतु का नाही, आणि ते आधी कसे ओळखावे, या दोन प्रश्नांपाशी आजीबाईंचा बटवा आणि पाश्चात्त्य वैद्यक दोन्ही फार काळ अडून राहिले. त्या अडण्याचा एक मोठा अध्याय आमच्या शेजारच्या हैदराबादेत घडला आहे.

१८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्सन याने क्लोरोफॉर्म प्रचारात आणला. पुरते तीन महिनेही लोटले नव्हते, तोच २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी खुर्चीवर बसली, तिला रुमालावरून क्लोरोफॉर्म देण्यात आला आणि दोन-तीन मिनिटांत ती मेली. त्याआधी तिला ईथर देण्यात आले होते व त्या वेळी ती वाचली होती. या खेपेस ती फार घाबरलेली होती, अशी नोंद आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचा उपयोग पुढे आहे. त्यानंतर असे मृत्यू अधूनमधून होतच राहिले. हजारो माणसे सुखरूप उठत आणि मधूनच एखादे धट्टेकट्टे माणूस, तेही क्षुल्लक शस्त्रक्रियेसाठी निजलेले, पुन्हा उठत नसे. डॉक्टर लोक त्यास 'इडिओसिंक्रसी' म्हणत. ग्रीक शब्दाचा भारदस्तपणा सोडला, तर त्याचा अर्थ 'याची प्रकृतीच तशी' एवढाच होता; सहकाऱ्याच्या घरी मावशीविषयी जे बोलले गेले, त्याहून त्यात फारसे अधिक नव्हते.

या वेळी हैदराबादेस एडवर्ड लॉरी हा रेसिडेन्सी सर्जन होता. एडिंबरोच्या साईम या शस्त्रवैद्याचा तो शिष्य. गुरूने सांगितले होते की, क्लोरोफॉर्म देताना रोग्याच्या श्वासावर नजर ठेवावी, नाडीकडे पाहूही नये. हजारो रोग्यांना आपण असा क्लोरोफॉर्म दिला आणि एकही दगावला नाही, असे लॉरी छातीठोकपणे सांगे. लंडनकर डॉक्टरांचे मत उलट होते: हृदय आधी थांबते, म्हणून नाडी पाहिलीच पाहिजे. वाद मिटविण्यासाठी १८८८ साली निजामाच्या आश्रयाने पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले आणि त्याने १४१ कुत्र्यांवर प्रयोग करून लॉरीच्या बाजूने कौल दिला. 'लॅन्सेट' या प्रख्यात वैद्यकीय साप्ताहिकाने तो मानला नाही. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले आणि लॅन्सेटनेच निवडलेला लॉडर ब्रंटन १८८९ साली हैदराबादेस येऊन दाखल झाला. दुसऱ्या कमिशनने आणखी ४३० प्राण्यांवर प्रयोग केले. ब्रंटन आला तो शंका घेऊन, पण निष्कर्ष निघाला तोच: श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून.

ज्या संस्थानात आपला मराठवाडा त्या वेळी होता, त्याच्या खजिन्यातून जगाच्या वैद्यकाचा एक प्रश्न सोडविण्याचा यत्न झाला, याचे आम्हांस कौतुक वाटते. परंतु प्रश्नच चुकीचा विचारला गेला, असेही म्हणावे लागते. पाचशे एकाहत्तर जनावरांना भरपूर क्लोरोफॉर्म दिला तर बहुतेकांचे काय होते, याचे उत्तर कमिशनने अचूक काढले. हॅना ग्रीनर 'बहुतेकां'त नव्हती. शेवटी १९११ साली गुडमन लेव्ही याने मांजरांवर दाखवून दिले की, भूल हलकी असताना रक्तात अ‍ॅड्रिनलीन वाढले तर क्लोरोफॉर्मने हृदयाची लय बिघडून ते एकाएकी थांबू शकते. अ‍ॅड्रिनलीन म्हणजे भीतीने शरीरात उसळणारे द्रव्य. थोडा क्लोरोफॉर्म आणि पुष्कळ भय! नख काढावयास बसलेल्या त्या मुलीजवळ दोन्ही होती. लॉरीला आपला जन्माचा सिद्धांत सोडवला नाही, त्यात नवल नाही. आम्ही कचेरीत एखादी साधी टिपणीसुद्धा मागे घ्यावयास तयार नसतो.

भीतीचे कारण कळले, तरी जन्मजात भेदांचे कोडे राहिलेच. त्याची किल्ली लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरॉड याने १९०२ सालीच दाखविली होती. ज्यांचे मूत्र हवेत काळे पडते अशा काही कुटुंबांचा अभ्यास करून तो म्हणाला की, माणसांचे चेहरे जसे भिन्न, तशी त्यांच्या शरीरातील रसायनेही भिन्न असतात आणि हा भेद आनुवंशिक असतो. त्याचे म्हणणे पन्नास वर्षे जवळजवळ कोणी कानावर घेतले नाही. ते ऐकू येण्यास एक नवे औषध निमित्त झाले.

ते औषध म्हणजे सक्सिनिलकोलीन. शस्त्रक्रियागृहात त्यास 'स्कोलीन' म्हणतात. १९५१ च्या सुमारास ते युरोपात वापरात आले. ते भूल देत नाही. केवळ स्नायू सैल करते, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालणे सोपे जाते. मिनिटभरात सर्व शरीर लुळे पडते आणि पाच-दहा मिनिटांत पूर्ववत होते. कारण रक्तद्रवातील एक एन्झाइम, ज्यास मराठीत विकर म्हणतात, ते त्या औषधाचा झपाट्याने फडशा पाडते. त्यातील फारच थोडा अंश स्नायूंपर्यंत पोहोचतो. डॉक्टरांनी मात्रा ठरविली ती हे विकर असतेच, असे गृहीत धरून. ज्याच्या रक्तात ते नाही, त्यास तीच मात्रा अनेक पटींनी भारी पडते. तो कित्येक तास लुळा राहतो आणि वरची भूल उतरली असेल तर पूर्ण शुद्धीत राहतो. मावशींना रडणे ऐकू आले ते यामुळे.

विकर कमी असलेल्यांनाच हे होते, हे १९५२ साली हर्मन लेहमान व त्याचे सहकारी यांनी दाखविले आणि १९५६ साली हा दोष घराण्यांत उतरतो हेही लेहमाननेच मांडले. हा लेहमान हिटलरच्या काळात जर्मनीबाहेर पडलेला. महायुद्धात ब्रिटिश सैन्याचा डॉक्टर म्हणून तो हिंदुस्थानात होता आणि दक्षिण भारतात, येथून जवळच्या निलगिरीतील आदिवासींमध्ये, कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशींचा दोष आढळतो, हेही १९५२ साली त्यानेच जगापुढे आणले. १९५७ साली टोरोंटोच्या व्हेर्नर कॅलोने विकराचा केवळ अभावच नव्हे, तर त्याचा हिणकस प्रकारही ओळखण्याची एक सोपी परीक्षा काढली. पुढे १९५९ साली जर्मनीच्या फोगेलने या नव्या शास्त्राचे 'फार्माकोजेनेटिक्स' असे नामकरण केले. त्याच दशकात मलेरियाच्या प्रायमाक्वीनचे कोडेही उलगडले होते. काहींच्या लाल पेशी त्या औषधाने फुटतात, कारण त्या पेशींत दुसरेच एक विकर उणे असते, हे १९५६ साली अमेरिकेत सिद्ध झाले. मुंबईच्या पारशी समाजात ही उणीव बरीच आढळते.

आता डॉक्टरांच्या त्या प्रश्नाकडे वळू. आर्य वैश्य म्हणजे आपल्याकडे नांदेड, यवतमाळ, चांद्याकडे ज्यांस कोमटी म्हणतात तोच समाज. गोत्रांचे नियम कडक, विवाह समाजातच, त्यातही मामाच्या मुलीस पहिला मान. या रूढीस तेलुगूत 'मेनरिकम्' म्हणतात. (मामेबहिणीशी लग्ने आपल्याकडेही अपरिचित नाहीत, म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही.) या समाजाचे बीज कित्येक शतके बाहेर मिसळलेच नाही, असे अलीकडच्या आनुवंशिक अभ्यासांवरून दिसते. अशा ठिकाणी एखाद्या पूर्वजाचा दोष दोन्ही बाजूंनी एकाच अपत्यात उतरण्याचा संभव वाढतो. स्कोलीन न मानवण्याचे प्रमाण या समाजात इतरांहून कितीतरी पटींनी अधिक आहे. २००६ साली कोइंबतूरच्या भारतीयार विद्यापीठातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्याचे मूळ शोधून काढले: विकराच्या साखळीत ३०७ व्या जागी ल्यूसीन हवे तेथे प्रोलीन बसले आहे. शेकडो मण्यांच्या माळेत एक मणी बदलला आणि मावशी तासन्‌तास दगडासारख्या पडून राहिल्या.

म्हणजे जात विचारणे योग्यच, असे मात्र आम्हांस म्हणावयाचे नाही. बहुसंख्य वैश्यांना स्कोलीन निर्वेध मानवते आणि ज्यांचा त्या समाजाशी संबंध नाही अशांतही हा दोष सापडतो; युरोपियनांत सुमारे अडीच-तीन हजारांत एक, असे सांगतात. जातीवर विसंबून 'नाही' उत्तर आले की निश्चिंत होणारा डॉक्टर लॉरीचाच वारस समजावा. आमच्या डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. मावशींचा वृत्तान्त त्या वेळी कोणी कागदावर उतरविला असता, तर पहिल्या प्रश्नाची गरजही उरली नसती. अशा नोंदींसाठी केंद्र सरकारने २०१० साली एक देशव्यापी योजना सुरू केली. तिचे काम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालते. औषधाने अपाय झाल्याचा संशय पुरेसा असतो, पुरावा लागत नाही आणि रोगी स्वतःही कळवू शकतो. कागद रंगविण्यातच आमचे आयुष्य चालले आहे. परंतु हा कागद रंगवावा, असे मनापासून वाटते.

सहकाऱ्याच्या रक्तात ते विकर जवळजवळ नव्हतेच. दुसरे औषध वापरून शस्त्रक्रिया झाली आणि तिसऱ्या आठवड्यात गृहस्थ मेजावर हजर झाले. घरी जाताना डॉक्टरांनी तांबड्या शाईने एक चिठ्ठी लिहून दिली व सर्व भावंडांना कळविण्यास बजावले. त्यांचा धाकटा भाऊ नांदेडला कापडाच्या धंद्यात आहे. त्याची मुले मराठी शाळेत शिकली, त्यांना ना कन्नड वाचता येते ना तेलुगू. म्हणून दुपारच्या सुटीत आम्ही त्या चिठ्ठीची मराठी प्रत करून दिली. 'स्कोलीन' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि "ही चिठ्ठी शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांस दाखवावी" असे शेवटी घातले. सहकाऱ्याने ती वाचून पाहिली, तिच्या पाच छायाप्रती काढल्या आणि जुन्या सवयीने विचारले, "सार, या साक्षांकित कोणाकडून करून घ्यावयाच्या?"