गरीची काठी आणि मालगुजारी तलाव

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यास ‘तलावांचा जिल्हा’ ही संज्ञा प्राप्त झाली, ती कोहळी समाजाने गोंड राजवटीच्या आश्रयाने बांधलेल्या तलावांमुळे. आणि त्यांतील मासळीवर ज्यांचा चरितार्थ चाले, त्या ढिवरांचे मुख्य साधन जाळे असले, तरी पोरासोरांच्या हाती गरीचीच काठी असे. या काठीचा बांबू चिरतो तो उभा, धाग्याच्या दिशेने; म्हणून चिरलेल्या जागी बांबूचीच कामटी बसवून, मेण लावलेले सूत वेढ्याला वेढा भिडवीत गच्च आवळले, की ओसरीवरच काठीचा जीर्णोद्धार होई. १९५१ साली मालगुजारी ही जमीनमहसुलाची पद्धत संपुष्टात येऊन मालगुजारांकडचे हे तलाव सरकारजमा झाले, दप्तरे बदलली. काठीची ही घरगुती दुरुस्ती मात्र कोणत्याच दप्तरी दाखल नसल्यामुळे तिला बरखास्तीचा हुकूम कधी पोहोचलाच नाही.