पेशीबाह्य पुटिका आणि स्त्रियांचे प्रजनन आरोग्य

शरीरातील जवळजवळ सर्व पेशी पातळ आवरणाच्या अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात. त्यांना पेशीबाह्य पुटिका म्हणतात. त्यांपैकी ‘एक्झोसोम’ या प्रकाराचा व्यास साधारणपणे ३० ते १५० नॅनोमीटर असतो. पूर्वी हा टाकाऊ द्रव्य बाहेर टाकण्याचा मार्ग मानला जाई. मात्र त्यांतून आरएनएही एका पेशीकडून दुसरीकडे पोहोचतो, हे २००७ मध्ये दाखवण्यात आले.

बीजांडाची वाढ, गर्भाशयाच्या अस्तरात भ्रूणाचे रुजणे आणि गर्भारपणात आईच्या प्रतिकारशक्तीचे नियमन यांत पुटिकांचा सहभाग आढळतो. वारेतून सुटलेल्या पुटिका पहिल्या तिमाहीतच आईच्या रक्तात दिसतात. प्री-एक्लॅम्प्सिया या गर्भारपणातील उच्च रक्तदाबाच्या विकारात त्यांची संख्या व त्यांतील घटक बदलतात. त्यामुळे केवळ रक्ततपासणीतून वारेची स्थिती जाणण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

अशी चाचणी पारखण्यासाठी विकार प्रकट होण्यापूर्वीचे नमुने आवश्यक असतात. दिल्ली परिसरात फरिदाबादची ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट २०१५ पासून ‘गर्भ-इनी’ प्रकल्प राबवीत आहे. ३७ आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतीची कारणे शोधण्यासाठी गुरुग्राम नागरी रुग्णालयातील गर्भवतींचा प्रसूतीपर्यंत पाठपुरावा करून त्यांचे जैविक नमुने जतन केले जातात. असे संग्रह पुटिकांच्या संशोधनालाही उपयुक्त ठरू शकतात.

पुटिका वेगळ्या करण्याची एकसमान पद्धत मात्र अद्याप रुळलेली नाही. त्यामुळे रक्तदाब आणि लघवीतील प्रथिनांची नियमित तपासणी हाच प्री-एक्लॅम्प्सिया ओळखण्याचा आजही प्रमुख आधार आहे.