शाळा अंगणात आली तेव्हा

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. कर्जाचे अर्ज वाचून दाखवत होतो. दरवर्षीची कारणं आपल्याला पाठ आहेत. शेळी, बियाणं, शिलाई मशीन, दवाखाना. या वेळी तीन अर्जांवर एकच नवं कारण होतं, लहान मुलाची फी. मुलं किती मोठी? तीन-साडेतीन वर्षांची! गाडी येते, बूट-टाय लागतो, वर्षाची फी आगाऊ भरावी लागते. आम्ही विचारलं, "अगं, अंगणवाडी आहे ना गावात?" एक जण म्हणाली, "तिथं नुसता खाऊ मिळतो. आणि घरी आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?"

तिचं हे शेवटचं वाक्य आमच्या मनातून जाईना. म्हणून आज 'अंगणवाडी' हा शब्द आला कुठून, त्याची गोष्ट सांगायचं ठरवलं. आपल्याच राज्यातली गोष्ट आहे.

सुरुवात मात्र लांबून होते. १९०७ साली इटलीत, रोम शहरातल्या मजुरांच्या वस्तीत मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंनी लहान मुलांचं एक घर सुरू केलं. आईबाप कामावर जायचे, पोरं दिवसभर मोकाट असायची. बाईंनी पाहिलं की मुलाला हाताला काम दिलं, त्याच्या मापाच्या वस्तू दिल्या, की ते स्वतःहून शिकतं. धाक लागत नाही, मार लागत नाही. हा विचार आपल्याकडे पोचला. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून शिक्षणाचं काम धरलं आणि १९२० साली बालमंदिर काढलं. त्यात त्यांनी आपल्या मातीतल्या गोष्टी, गाणी, खेळ घातले.

त्यांच्याकडे कामाला आल्या ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा, मुंबईचा. पदवीधर बाई. राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजात प्राचार्य होत्या. ती मानाची नोकरी सोडून, लहान मुलीला घेऊन त्या भावनगरला गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. काम छान चाललं. पण ते शहरातल्या, शिकलेल्या घरांतल्या मुलांपुरतं राहिलं. त्या शाळांतली साधनं महाग होती. गरिबाच्या मुलाचं काय? खेड्याचं काय? हा प्रश्न ताराबाईंना सोडत नव्हता.

१९४५ साली त्या डहाणू तालुक्यात बोर्डीला आल्या. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. एका बाजूला समुद्र आणि वाड्या, दुसऱ्या बाजूला वारल्यांचे पाडे. त्याच वर्षी याच भागात वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते, हेही लक्षात ठेवू या. अशा काळात, अशा ठिकाणी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं.

तिथं ताराबाईंना साथ मिळाली अनुताई वाघ यांची. अनुताई पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. पुण्यात असताना दिवसा मुलींना शिकवायच्या आणि रात्रशाळेत जाऊन स्वतः शिकायच्या. पस्तिसाव्या वर्षी त्या बोर्डीला आल्या आणि पुढचं सगळं आयुष्य त्याच भागात राहिल्या.

आता खरी अडचण ऐका. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली, पाड्यावरची मुलं तिथवर येईनात. कशी येणार? आई भल्या पहाटे मजुरीला जाणार. पोराला आंघोळ घालून, कपडे चढवून शाळेत कोण पोचवणार? मोठी बहीण असते, पण तिच्याच कडेवर धाकटं. दुसरं कुणी म्हणालं असतं, "या लोकांना शिक्षणाची आवडच नाही." या बायांनी तसं म्हटलं नाही. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाकडे जाईल, असं त्यांनी ठरवलं. वस्तीत जायचं, तिथलंच एखादं अंगण झाडून घ्यायचं, मुलं जमवायची, त्यांचे हातपाय धुवायचे, गाणी-गोष्टी-खेळ सुरू करायचे. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. नाव असं पडलं.

आणि महागडी साधनं? ती अंगणातच होती. शंख-शिंपले, चिंचोके, पानं, फुलं, काड्या, गोटे, माती. लहान-मोठं ओळखायला गोटे, मोजायला चिंचोके, रंग ओळखायला पानं-फुलं. गाव जे देईल त्यातून शिकवायचं.

पुढे १९५६-५७ च्या सुमारास हे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली. कारण साधं होतं. धाकट्याला पाळण्यात सोडलं तरच मोठी बहीण वर्गात बसू शकते. जी मुलं गुरं चारायला जायची, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली. तिला कुरणशाळा म्हणत. मुलीच्या कडेवरचं मूल ज्यांना दिसलं, त्यांनाच हे सुचलं.

ताराबाई १९७३ साली गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. बोर्डीतला शब्द देशभर गेला. योजनेत पोषण आलं, लसीकरण आलं, तपासणी आली आणि शाळापूर्व शिक्षणही आलं. पण वजन आणि आहार यांच्या नोंदी करता करता खेळ-गाणी-गोष्टी पुष्कळ ठिकाणी मागे पडल्या. आमच्या मैत्रिणीला 'नुसता खाऊ' वाटतो, त्यात तिची चूक नाही. पण आपणही कधी सेविकाताईंना जाऊन विचारलं नाही की आज मुलांनी काय केलं.

आता राहिला दुसरा प्रश्न. आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?

मैत्रिणींनो, आपल्या घरात काय नाही? आपण धान्य निवडायला बसतो, तेव्हा मूठभर तूर आणि मूठभर मूग मिसळून मुलापुढे ठेवा. वेगळं करू द्या. वालाच्या शेंगा सोलू द्या, कणकेचा गोळा मळू द्या. पेन्सिल धरायची ताकद बोटांत अशीच येते. भाकऱ्या मोजू द्या. घरात माणसं किती, ताटं किती, ते त्यालाच सांगू द्या. मात्र फार लहान मुलाच्या हातात बारीक बी किंवा मणी देऊन उठून जाऊ नका. नाकात, घशात जातं.

बोला मुलाशी. वेगळा वेळ काढायला नको, काम करता करताच बोला. प्रश्न विचारला की उत्तरासाठी थांबा. घरी वारली बोलत असाल तर वारलीत, अहिराणी असेल तर अहिराणीत, गोरमाटी असेल तर गोरमाटीत. घरच्या भाषेत भरपूर बोललेलं मूल पुढे दुसरी भाषाही नीट शिकतं. आजीला गोष्ट सांगायला बसवा. बापालाही सांगा, रात्री अर्धा तास मोबाईल बाजूला ठेव आणि पोराला घे. हे आईचं एकटीचं काम नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटलं आहे की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. म्हणजे शाळेचं दप्तर पाठीवर येण्याआधीच पुष्कळसं काम झालेलं असतं, आणि ते आपल्या अंगणात झालेलं असतं.

त्या तीन अर्जांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. आम्ही ते फेटाळले नाहीत. लेकराचं भलं व्हावं म्हणूनच ती आई कर्ज काढते. फक्त निर्णय पुढच्या बैठकीपर्यंत थांबवला आणि तिघींनाही म्हटलं, आधी एक सकाळ आपण सगळ्या मिळून अंगणवाडीत बसू. सेविकाताईंना काय हवं ते विचारू. चिंचोके, शिंपले, जुन्या साड्यांच्या बाहुल्या, एवढं तर गट देऊ शकतो. सोमवार ठरला आहे. तिथं काय झालं, ते पुढच्या वेळी सांगू. तोवर तुमच्या गावात अंगणवाडी कशी चालते, तुम्हीही एकदा जाऊन बघा आणि आम्हाला कळवा.