जुनें लेथ आणि घरची कर्मशाळा

पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्याच्या आग्नेय टोकास नीरा आणि भीमा या नद्यांचा संगम आहे. त्या संगमावर वसलेलें नरसिंहपूर श्रीलक्ष्मीनृसिंहाच्या देवालयामुळें आणि नदीपात्रांत उतरणाऱ्या घाटामुळें सर्व महाराष्ट्रास परिचित आहे. विंचूरकर सरदारांनीं हें देवालय बांधविलें त्या काळीं छिन्नी, हातोडा, भाता आणि रंधा हींच कारागिराचीं साधनें होतीं. तीं त्याच्या घरींच असत आणि बापाकडून मुलाकडे जात. आज अशा गांवच्या कारागिरापुढें निराळाच प्रश्न उभा राहतो. शहरांतील एखादा कारखाना आपलें जुनें लेथ यंत्र विकावयास काढतो, किंमतहि आवांक्यांत असते. परंतु घरची वर्षानुवर्षांची शिल्लक त्यांत घालावी कीं नाहीं, हें कोणी सांगत नाहीं. या प्रश्नामागें इतिहास आहे, आणि तो पाहिल्यावांचून निर्णय करणें इष्ट नव्हे.

लेथ म्हणजे वस्तु फिरती ठेवून स्थिर हत्यारानें ती कातण्याचें यंत्र. आपल्याकडील कातारी पूर्वापार हेंच करीत आला. लाकडाचा तुकडा दोन टोंकांमध्यें धरावयाचा, त्याभोंवतीं वेढा दिलेली दोरीची कमान मागेंपुढें ओढावयाची आणि पटाशी टेकावयाची, ही त्याची रीत. यांत वस्तु एकदां पुढें आणि एकदां मागें फिरे, म्हणून कातणें होई तें निम्म्याच वेळांत. आणि हत्यार हातांत धरलेलें असल्यामुळें लोखंडापुढें त्याचें कांहीं चालत नसे. सुमारें १८०० सालीं लंडन येथें हेन्री मॉडस्ले यानें आपल्या यंत्रांत हत्यार सरकत्या बैठकीवर पक्कें बसविलें आणि ती बैठक आटे पाडलेल्या लांब दंडानें चालविली. तेव्हांपासून एकासारखा एक स्क्रू करणें सुलभ झालें. हाताचें कसब गेलें नाहीं; परंतु कामाचा अचूकपणा यापुढें यंत्राच्या अचूकपणावर अवलंबून राहिला. जुनें यंत्र घेणाऱ्यानें ही एक गोष्ट विसरतां कामा नये.

महाराष्ट्रांत हें यंत्र आगगाडी आणि गिरण्या यांच्या पाठोपाठ पसरलें. १८५३ सालीं मुंबई ते ठाणें हा लोहमार्ग सुरू झाला, आणि १८५६ मध्यें मुंबईची पहिली सूतगिरणी चालूं लागली. त्यांच्या दुरुस्तीशाळांतून टर्नर आणि फिटर यांचा एक नवाच वर्ग तयार झाला. बारामती-इंदापूरच्या दुष्काळी मुलखास १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी मिळालें; पाण्यामागून ऊस आला आणि उंसामागून लोखंडी चरक आला. पुढें १९३४ सालीं शेठ वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना कळंब येथें उभा राहिला, आणि त्या माळरानाचें वालचंदनगर झालें. चरकाची लाट झिजली किंवा आस वांकला तर केवळ लोहाराच्या भात्यावर भागेना. तेथें लेथच हवें.

लहान कर्मशाळेपासून आरंभ करून यशस्वी झालेल्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें उदाहरण सर्वांत बोलकें आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेंत ते शिक्षक होते. १८८८ सालीं त्यांनीं व त्यांचे बंधु रामुअण्णा यांनीं बेळगांवास सायकलींचें दुकान घातलें. न्याय्य बढती डावलली गेली तेव्हां लक्ष्मणरावांनीं नोकरी सोडली. मात्र त्या वेळीं हाताशी दुकान होतें, भाऊ होता आणि ओळखीचें गिऱ्हाईक होतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. नंतर कडबा कापण्याचीं यंत्रें झालीं, लोखंडी नांगर झाला. लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळें पहिला नांगर खपण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. त्या दोन वर्षांत चूल पेटती राहिली ती इतर कामांवर. १९१० सालीं औंधच्या पंतप्रतिनिधींच्या साह्यानें कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी वसली, ती या सर्व तपश्चर्येनंतर.

दुसऱ्या महायुद्धांत परदेशी यंत्रें दुर्मिळ झालीं. १९४१ सालीं किर्लोस्करांनीं म्हैसूर संस्थानांतील हरिहर येथें लेथ बनविणारा कारखाना काढला. १९५३ मध्यें बंगलोरास हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी संस्था स्थापन झाली. हरिहरचा कारखाना पुढें बंद पडला; पण तेथील यंत्रें अद्यापि अनेक कर्मशाळांतून फिरत आहेत. संगणकाच्या आज्ञेनें चालणारीं यंत्रें आल्यावर मोठे कारखाने जुनीं लेथ काढूं लागले. तेव्हां विकावयास निघालेलें प्रत्येक यंत्र निकामीच असतें, असें नव्हे.

तें पारखावें कसें? नवा रंग पाहून भुलूं नये. यंत्राची पाटी, म्हणजे बेड, चकाजवळ अधिक झिजते, कारण बहुतेक काम तेथेंच होतें. सरकती बैठक चकाजवळ सैल आणि दूरच्या टोंकास घट्ट लागली, तर झीज झाली असें समजावें. चक हलवून मुख्य दंडाला खेळ आहे काय, हें पाहावें. एक सळई दोन टोंकांमध्यें धरून कातावी आणि दोन्हीं टोंकांशीं मापावी. मापांत फरक पडला तर त्याचें कारण शोधावें. आटे पाडण्याचीं दातेरी चाकें पुरतीं आहेत काय, बिडाला तडा जाऊन तो सांधलेला आहे काय, हेंहि पाहावें. वाहतूक, पाया, हत्यारें, मोटर आणि घरीं तीन फेजची वीज नसल्यास तिची सोय, हा खर्च किंमतींत धरावा. तो धरला म्हणजे स्वस्त वाटलेलें यंत्र पुष्कळदां स्वस्त राहत नाहीं.

परंतु यंत्राच्या परीक्षेआधीं कामाची परीक्षा हवी. ज्याच्या दाराशीं पंपाचे दंड आणि ट्रॅक्टरचे खिळे दुरुस्तीसाठीं आजच येत आहेत, आणि जो तीं कामें दुसऱ्या गांवच्या टर्नरकडे पाठवून पैसा दवडतो आहे, त्यानें थोडी झीज असलेलें यंत्रहि घ्यावें. तशा कामांतून त्याची किंमत भरून निघूं शकते. ज्याच्याजवळ यंत्र येईल पण काम कोठून येईल हें ठाऊक नाहीं, त्यानें घरांतील सोनें गहाण टाकून तें घेऊं नये. त्यानें वर्षभर दुसऱ्याच्या लेथवर उभें राहावें, गिऱ्हाईक जोडावें आणि मग यंत्र पाहण्यास जावें. बेळगांवच्या त्या बंधूंनीं नांगराआधीं सायकलीचें दुकान चालविलें होतें. नरसिंहपूरच्या कारागिरासहि तोच क्रम सोयीचा आहे.