साहेबांचा पगार आणि साडेपाच मीटर कापड

आम्हा भिवंडीकरांना यंत्रमागाची खडखड थांबली की जाग येते. आमच्या शेजारी राहणारा एक कारागीर मीटरवर मजुरी घेतो. एकदा चहा पिताना त्याने विचारले, ‘‘काका, महापालिकेच्या मोठ्या साहेबांचा पगार ठरवतं कोण?’’ प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता येईना.

आयुक्तांचा पगार जातो महापालिकेच्या निधीतून, म्हणजे आपल्याच खिशातून; आकडा मात्र राज्य सरकार ठरवते. आयुक्त आयएएस असतील तर त्या आकड्याचे मूळ दिल्लीतल्या वेतन आयोगात सापडते.

हा वाद जुना आहे. मार्च १९३०मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहिले. व्हाइसरॉयला महिना २१ हजार रुपये आणि सामान्य भारतीयाला दिवसाला दोन आणेही नाहीत, हा हिशेब त्यांनी मांडला. पुढच्याच वर्षी कराची काँग्रेसने ठराव केला, की सरकारी नोकराला सहसा महिना ५०० रुपयांहून अधिक पगार नसावा. १९३७मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने ५०० रुपयांवरच काम केले. मात्र स्वातंत्र्यानंतर ठराव मागे पडला. पहिल्या वेतन आयोगाने १९४७मध्ये किमान ५५ आणि कमाल २००० रुपये सुचवले. जुन्या आयसीएस अधिकाऱ्यांच्या सेवाशर्तींना तर घटनेचेच संरक्षण होते. ते १९७२मध्ये गेले.

आता गंमत पाहा. सातव्या आयोगाने वरच्या पगाराचा हिशेब खालून सुरू केला. १९५७च्या भारतीय श्रम परिषदेने कामगाराच्या कुटुंबाची गरज ठरवली होती. डॉ. आयक्रॉइड यांच्या सूत्राप्रमाणे आहार आणि चौघांना वर्षाला ७२ वार कापड! आयोगाने तेच महिन्याला साडेपाच मीटर धरले. डाळ, तांदूळ, दूध, इंधन मिळवत किमान पगार १८ हजार झाला. आधीच्या ७ हजारांच्या हा २.५७ पट. वर चढताना गुणक वाढत गेला. सचिवांचे ८० हजार २.८१ने गुणून सव्वादोन लाख झाले, तर कॅबिनेट सचिवांचे अडीच लाख. म्हणजे तळापेक्षा सुमारे चौदा पट. १९४७मध्ये हेच अंतर ३६ पट होते. सरकारी कचेरीच्या आतली दरी कमी झाली, हे मान्य करायलाच हवे.

पण कचेरीबाहेर काय? ही मोजपट्टी मुळात कामगारासाठी बनली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये तीच किमान वेतनासाठी मान्य केली. वर मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी २५ टक्के जोडायला सांगितले. आमच्या कारागिराची मजुरी मात्र आजही मीटरवरच ठरते. वीज गेली की मीटर थांबतो, मजुरीही थांबते.

न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली २०२५मध्ये आठवा आयोग नेमला गेला आहे. तोही कदाचित कापड मोजेल. मी शेजाऱ्याला हे सारे सांगितले. तो बोटांवर हिशेब करून म्हणाला, ‘‘साडेपाच मीटर? ते तर मी चहा प्यायच्या आधी विणतो.’’

साहेबांचा पगार किती असावा यावर आपण जरूर भांडू. पण ज्याच्यासाठी ही पट्टी बनली, त्याला ती कधी लावणार, हेही विचारू.