कच्ची फिल्म, कच्ची फाइल

१९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके लंडनहून परतले. तिथे त्यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला होता आणि कोडॅकची कच्ची फिल्म व तिला भोकं पाडायचं यंत्र मागवलं होतं. ही फिल्म अगदी कोरी यायची. कॅमेऱ्याच्या दात्यांत अडकायला कडेला जी छिद्रं लागतात, तीसुद्धा आपणच पाडायची, आणि तीही अंधारात. दादरच्या घरात हे काम सरस्वतीबाई फाळके करत. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं, रात्री फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, निगेटिव्ह धुणं. पैसे कमी पडले तेव्हा दागिनेही त्यांनीच काढून दिले.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला, हे स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक पुस्तकात असतं. त्याच वर्षी फाळके नाशिकला आले आणि पुढचे चित्रपट इथे बनू लागले. मी नाशिकमध्ये वाढले. पांडवलेणीच्या पायथ्याचं फाळके स्मारक आमच्यासाठी सहलीची जागा होती. पण फोटोत काय दिसणार याचा अर्धा निर्णय कॅमेऱ्यात होतो आणि अर्धा त्या धुण्याच्या खोलीत, हे मला कळलं ते कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरबद्दल वाचायला लागल्यावर. निगेटिव्ह रसायनात किती वेळ ठेवायची, प्रत किती गडद काढायची, हे कुणीतरी ठरवायचं. फाळक्यांच्या घरात ते 'कुणीतरी' आपल्याला नावानिशी माहीत आहे. तुमच्या फोनमध्ये ते कोण आहे?

आधी एक गैरसमज काढून टाकू. कच्चं म्हणजे खरं, असं नसतं. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. म्हणून तर ती लाल दिव्याखाली धुता यायची. त्यामुळे लाल कुंकू पडद्यावर काळं दिसे, निळं आभाळ पांढरं पडे आणि सावळा चेहरा होता त्याहून काळा. ही खोड फिल्मच्या लेपातच होती. पुढे कितीही नीट धुतली तरी तो लाल परत येणार नव्हता.

रंगांचा हा प्रश्न फाळक्यांना सिनेमाच्या आधीपासून ठाऊक असणार, कारण त्यांचा मूळ धंदा छपाईचा. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले, पुढे छापखाना काढला, १९०९मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला गेले. तीनरंगी छपाईत एकाच चित्राचे तीन फोटो काढतात: एक लाल काचेतून, एक हिरव्या, एक निळ्या. प्रत्येकाचा वेगळा ब्लॉक, प्रत्येकाची वेगळी शाई. तिन्ही एकावर एक छापले की रंगीत चित्र.

तुमचा फोन आजही हेच करतो, फक्त एकाच वेळी. कोडॅकच्याच ब्राइस बायर यांना १९७६मध्ये पेटंट मिळालं: सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर एक रंगीत गाळणी बसवायची, निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. म्हणजे प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांना विचारून अंदाजाने भरले जातात. फोटोतल्या रंगांचे दोन तृतीयांश आकडे असे हिशेबाने आलेले असतात. (हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आठवडाभर प्रत्येक फोटोकडे संशयाने पाहत होते.)

हे अंदाज भरण्याआधीचे जे नुसते मोजलेले आकडे, ती रॉ फाइल. सेन्सर दहा बिटांचा असेल तर उजेडाच्या १,०२४ पायऱ्या. जेपेगमध्ये उरतात २५६. मधल्या सेकंदाभरात फोन अनेक फोटो एकत्र करतो, पिवळा दिवा पांढरा करतो, सावल्या उचलतो, दाणे पुसतो. बहुतेक वेळा छान करतो, हे मान्य.

पण माझ्या आजीच्या कपाळावर गोंदण आहे, हिरवट, वयाने फिकं झालेलं. घरातल्या मंद दिव्यात काढलेल्या फोटोत ते नव्हतं. दाणे पुसताना फोनने फिकट हिरवं गोंदणही दाणा समजून पुसलं होतं, सुरकुत्यांसकट. सोबत रॉ फाइल होती. संगणकावर उघडून दाणे तसेच राहू दिले, आणि गोंदण परत आलं. फोटो खडबडीत दिसतो. आजीला गुळगुळीतच आवडला, ते सोडा.

फोनमध्ये ही सोय फार जुनी नाही. २०१३-१४मध्ये नोकियाच्या काही लुमिया फोनांत रॉ आलं, २०१४च्या अँड्रॉइड लॉलिपॉपने ते इतर अ‍ॅपना खुलं केलं, आयफोनवर २०१६मध्ये आलं. २०२०च्या ॲपल प्रोरॉमध्ये तर अनेक फोटो आधीच एकत्र केलेले असतात, म्हणजे भाजी अर्धी शिजवून 'कच्ची' म्हणून दिलेली. अनेक फोन रॉ साठवतात ती डीएनजी फाइल. अडोबीने २००४मध्ये ती आणली तेव्हा नाव ठेवलं 'डिजिटल निगेटिव्ह', आणि तिची रचना सगळ्यांसाठी उघडी ठेवली. प्रत्येक कॅमेरा कंपनीची आपापली बंद फाइल असताना हे महत्त्वाचं होतं. कंपनी बुडाली तरी डीएनजी वाचायचा प्रोग्रॅम कुणीही लिहू शकतो. अडचण जागेची. एक फाइल वीस-पंचवीस एमबी सहज होते, आणि स्टोरेज भरलं की सगळ्यात आधी तीच उडवली जाते.

फिल्मची अडचण वेगळी होती. नायट्रेटची फिल्म चटकन पेटते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट गोदामाला आग लागली. त्यात फाळक्यांच्या चित्रपटांचं मूळ साहित्यही गेलं. सुदैवाने त्याआधी सुरक्षित फिल्मवर प्रती काढून ठेवल्या होत्या. आज आपण फोनवर 'राजा हरिश्चंद्र'चे उरलेले तुकडे बघतो ते त्या प्रतींवरून आलेले, पुन्हा एकदा दाबून लहान केलेले. सरस्वतीबाईंनी धुतलेल्या निगेटिव्हमध्ये याहून किती जास्त होतं, ते मोजायला आता काही उरलेलं नाही.